बादली मिस्त्री आणि काचेची तार

त्याला सगळे बादली मिस्त्री म्हणत. नळकामात चाळीस वर्षं गेली आणि खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही. काम संपलं की बाकीचे मिस्त्री नळ सोडून दाखवायचे. आलं पाणी, चला. हा नळाखाली बादली ठेवायचा, मनगटावरचं घड्याळ सोडून हातात घ्यायचा आणि बादली किती सेकंदांत भरते ते मोजायचा. तेही दुपारी निवांत वेळी नाही. सकाळी सात वाजता यायचा, इमारतीतल्या झाडून सगळ्या मोऱ्यांत नळ चालू असताना. टाकी भरलेली आणि शेजाऱ्यांचे नळ बंद असले की कुठलाही पाइप शहाण्यासारखा वागतो, असं त्याचं म्हणणं. बादली भरली की तो नळ तिथल्या तिथे बंद करायचा, आकडा वहीत लिहायचा आणि मगच हत्यारं पिशवीत भरायचा.

गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्याने काम थांबवलं. पिशवी पलंगाखाली गेली. वह्या कपाटात राहिल्या. तेवीस वह्या.

घरात तिघं. तो, बायको आणि लेक. बायकोला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे घरातलं बोलणं हातांनी चाले. त्या बोलण्यात अहो-जाहो नसतं. चारचौघांत मान असलेला हा माणूस घरात बायकोचं अरे-तुरे मुकाट्याने सोसायचा. लेकीला ऐकू येत होतं, पण तोंडाने बोलायच्या आधी ती हातांनी बोलायला शिकली. पुढे तेच तिचं काम झालं. दवाखान्यात ऐकू न येणारा पेशंट आला की ती मधे उभी राहायची. पेशंटचे हात वाचून डॉक्टरांना तोंडाने सांगायची आणि डॉक्टरांचं बोलणं पेशंटला हातांनी.

मग दवाखान्यांनी पद्धत बदलली. दुभाषी बोलवायचा नाही, पडद्यावर आणायचा. एक दुभाषी घरी बसेल आणि पंचवीस दवाखाने त्याला गरजेप्रमाणे पडद्यावर घेतील. लेकीची निवड झाली, सोबत अटींचा कागद आला. पहिला महिना परीक्षेचा. घरचं इंटरनेट पक्कं हवं. त्या महिन्यात काम चालू असताना तीनदा चित्र तुटलं, की नाव यादीतून कमी.

"कामाची वेळ दुपारी चार ते रात्री नऊ," लेक म्हणाली. "नेमकी तेव्हाच सगळी दुनिया सिनेमे बघत बसते."

"म्हणजे सकाळचे सात."

"बाबा, चार ते नऊ."

"कळलं गं. सगळ्यांचे नळ एकदम चालू. कागद इकडे दे. तू तुझे औषधांचे शब्द पाठ कर, तारेचं मी बघतो."

तिने कागद दिला आणि परत विचारलंही नाही. तिला रोगांची आणि अवयवांची शेकडो नावं हातांत बसवायची होती. शिवाय बाबा मोजणार म्हटल्यावर त्या घरात कोणी दुसऱ्यांदा मोजत नसे.

मिस्त्रीने कागद घडी करून खिशात ठेवला. नोकरीची भीती होतीच. पण तिच्याहून जुनी एक भीती होती.

लेकीच्या आधी एक मूल होतं. बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ते आता राहत होते ती इमारत तेव्हा नवी बांधली जात होती. मिस्त्री गच्चीवरच्या टाकीचा पाइप आतल्या डक्टमधून, म्हणजे मोऱ्यांमागच्या उभ्या पोकळीतून, खाली आणत होता. तेवढ्यात निरोप आला की बायकोला दवाखान्यात नेलंय. पाइप तिसऱ्या मजल्यावरच्या तुळईपाशी अर्धा लटकत होता. तुळईला वळसा घालायला लांब वळणाचे बेंड हवे होते, ते संपले होते. पाइप तसाच सोडला तर सकाळी पाणी सुटून ओलं प्लास्टर वाहून गेलं असतं. त्याने बेंडऐवजी काटकोनाचे दोन एल्बो लावले, सांधे आवळले, खाली येऊन बादली ठेवली, मोजली, आकडा लिहिला. साबणाने हात धुतले. मग निघाला. अर्धा तास गेला.

दवाखान्यात एक नर्स बायकोचे दोन्ही हात हातांत घेऊन बसली होती. भली बाई होती. "फार घाबरल्यात हो, सारखे हात झाडतात," ती म्हणाली. बायको कितीतरी वेळ सांगत होती, की पोटातलं बाळ सकाळपासून हललेलं नाही. हात धरले म्हणजे तिचं तोंडच बांधलं, हे त्या बिचारीला कुठून कळणार? मिस्त्रीने ते हात सोडवले, वाचले, डॉक्टरांना सांगितलं. सगळे धावले. उपयोग झाला नाही. अर्धा तास आधी कळलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही. बायकोला तो एवढंच म्हणाला, की निरोप उशिरा मिळाला.

पुढे त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, त्यांनी खोल्या घेतल्या.

आता कुठल्यातरी दवाखान्यात कुठलीतरी बाई पडद्याकडे बघून हातांनी काही सांगेल, आणि मधेच चित्र गोठेल. म्हणजे तिचे हात पुन्हा कोणीतरी धरले. आणि धरणारी तार आपण निवडलेली असेल. 

त्याने चौकशी सुरू केली. दुकानात गेला नाही. दुकानातला नळ कायम जोरात वाहतो. लेकीचा जुना फोन घेतला, त्यात वेग मोजायचं अॅप होतं. नवी वही काढली. मग संध्याकाळी आठ वाजता, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरी, ज्याच्याकडे जे कनेक्शन असेल ते मोजायला निघाला.

तळमजल्यावरच्या शिंप्याकडे टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरचं इंटरनेट होतं.

"मिस्त्री, माझा नळ नाही गळत," शिंपी म्हणाला.

"नळ नको. इंटरनेट दाखव."

"ते गळतंच."

आकडा लहान आला. दुसऱ्या दिवशीही लहानच. तार इमानदार होती, रोज तेवढंच देत होती, पण एक्स्चेंज लांब होतं आणि लांबीत सगळा जोर मरत होता. लांबलचक बारीक पाइपाला वरून कितीही दाब दिला तरी खाली धारच येते, हे मिस्त्रीला कोणी सांगायला नको होतं. त्याने त्यावर काट मारली.

कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे तार नव्हती. खिडकीत एक डबा, त्याचं तोंड लांबच्या टॉवरकडे. पहिल्या दिवशी आकडा असा चढला की मिस्त्री खूश झाला. दुसऱ्या दिवशी निम्मा. तिसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीला पत्रे लागले आणि काटा आजाऱ्यासारखा थरथरायला लागला.

"असंच असतं," न्हावी म्हणाला. "खिडकीच्या बाजूच्या खुर्चीत जाड गिऱ्हाईक बसलं तरी कमी येतं."

"मग बारीक गिऱ्हाईक ठेव."

"मी गिऱ्हाइकाचं डोकं बघतो, पोट नाही."

मिस्त्री हसला, पण काट मारली. हवेतून येणाऱ्या गोष्टीचा सांधा आवळायचा कुठे?

वरच्या मजल्यावर निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांच्याकडे टीव्हीच्या जाड केबलवरून इंटरनेट येत होतं. एकच केबल सगळ्या इमारतीला, त्यातून फाटे. मिस्त्रीला तिथेच धोका वाटला, म्हणून तिथे तो आठ दिवस गेला, रोज आठ वाजता. रोज तेच. काटा चढायचा, थोडा डुलायचा, स्थिर व्हायचा. आकडा शंभराच्या खाली एकदाही आला नाही. कागदात वीस मागितले होते. आकडा दिसला की तो लिहायचा आणि अॅप बंद करायचा.

"अहो मिस्त्री, अजून फिरतंय ते," बाई एकदा म्हणाल्या.

"आपलं झालं बाई."

चौथा मार्ग काचेच्या तारेचा, म्हणजे फायबरचा. रस्त्याच्या कोपऱ्यावर तिची पेटी येऊन उभी होती, पण इमारतीत तार आली नव्हती. फोन केल्यावर कळलं की जिन्याजवळची नळी चोंदली आहे, आत आणायला महिना-दोन महिने लागतील. तेवढी सवड कोणाला होती?

त्याने केबल ठरवली. केबलवाला आला तेव्हा मिस्त्री त्याच्या खांद्याशी उभा राहिला आणि टोकाचं बोंड, म्हणजे कनेक्टर, दोनदा कापून पुन्हा बसवायला लावलं. डब्यापासून लेकीच्या लॅपटॉपपर्यंत घरातही तारच टाकली, हवेवर सोडलं नाही.

"आकडे नीट आहेत ना, बाबा?"

"आठ दिवस मोजलेत."

पाच दिवस सगळं सुरळीत चाललं. सहाव्या दिवशी पावणेआठच्या सुमाराला लेक खोलीबाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता. "तुटलं," ती म्हणाली. "एका आजोबांना मी गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगत होते. नर्स म्हणाली, तुम्ही गोठलात. पुन्हा जोडेपर्यंत सव्वा मिनिट."

"तुला आजोबा कसे दिसत होते?"

"छान. चित्र जराही हललं नाही. म्हणजे, ते नीट हलत होते."

"मग दोष त्यांच्याकडचा."

त्याने लगेच अॅप लावलं. एकशे बारा. वही दाखवली. लेकीने मान डोलावली, पण दवाखान्याच्या यादीत एक खूण पडली ती पडलीच.

त्या दिवसापासून मिस्त्रीचं जेवणावरून मन उडालं. चार वाजले की तो लेकीच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसायचा. आतून तिचा आवाज येत राहिला की श्वास चालायचा. आवाज थांबला की कान दाराला लागायचे. ती नुसती पेशंटचे हात बघत असली, तरी हा बाहेर अर्धा उठलेला. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला आणि बराच वेळ आलाच नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दुसरी खूण.

"एकच राहिलं," लेक म्हणाली. तिचा स्वर रागाचा असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. पलीकडच्या गल्लीत बायकोची बहीण राहायची. बायको तिच्याकडे गेली आणि आठ वाजता तिथल्या पडद्यावरून लेकीशी बोलली. मिस्त्री लेकीच्या मागे उभा होता. पडद्यावर बायको स्वच्छ दिसत होती, बोटं न् बोटं. तिने मधेच भुवया आक्रसल्या, हात थांबवले आणि पडदा सोडून उठून गेली. दहा मिनिटांत ती घरी आली, चपला न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"मला ती तुटकी दिसते," तिचे हात म्हणाले. "तिला मी अखंड दिसते."

"पाणी भरपूर येतंय. मी मोजलंय," त्याने सांगितलं.

तिने त्याच्याकडे असं पाहिलं जसं मंद गिऱ्हाइकाकडे पाहतात. मग त्याच्या बाहीला धरून त्याला भांडी घासायच्या सिंकपाशी नेलं. नळ पूर्ण सोडला. धार धो धो आली. तिने डावा पंजा खालच्या जाळीवर दाबून धरला. सिंक भरू लागलं, खरकटं वर तरंगलं, काठाला आलं. तिने मोकळ्या ओल्या हाताने दोनच खुणा केल्या. येणारं नाही. जाणारं.

मिस्त्री तसाच उभा राहिला. पाणी काठावरून त्याच्या पायांवर पडलं तेव्हा भानावर आला.

त्याने अॅप लावलं. काटा चढला, डुलला, स्थिर झाला. एकशे आठ. अंगठा सवयीने बंद करायला गेला. त्याने तो मागे घेतला. काटा खाली आला आणि पुन्हा निघाला. दुसऱ्यांदा. हा काटा चढलाच नाही. तीन. दोन. चार. शून्य. दीड.

बादली भरली की नळ बंद. चाळीस वर्षांची सवय. आठ दिवस त्याने अर्धंच मोजलं होतं. कागद काढला. तिथे दोन ओळी होत्या, येणारा वेग वीस, जाणारा वेग वीस. त्याने दुसरी ओळ वाचली होती, नाही असं नाही. आपण कुठे काय पाठवणार आहोत, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. लेकीचे हात जाणार होते. मोरीचा उतार न मोजता फरशी बसवणाऱ्या माणसाला त्याने जन्मात कामावर उभं केलं नसतं.

त्याने लेकीला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. तिने कागदावरच्या दोन्ही ओळींखाली बोट फिरवलं.

"केबल यायला रुंद असते, जायला अरुंद," ती म्हणाली. "आणि आठ वाजता त्या अरुंदातच सगळी इमारत. मलाही सुचायला हवं होतं."

"तुझं काम नव्हतं ते. रजा मिळेल?"

"चार दिवस. पाचव्या दिवशी बसले नाही तरी नाव जातं."

काचेच्या तारेत येणं-जाणं सारखंच असतं, हे तिने मोबाइलवर वाचून दाखवलं. मिस्त्री सकाळी सरळ कोपऱ्यावरच्या पेटीपाशी जाऊन उभा राहिला. दुपारी काचतारवाला आला. पन्नाशीचा, स्थूल, कमरेला हत्यारांचा पट्टा.

"गच्चीपर्यंत तार मी परवा आणून देतो," तो म्हणाला. "गच्चीवरून तुमच्या घरात कशी न्यायची? जिन्याची नळी चोंदलीय. बाहेरून न्यायची तर परांची बांधा, पंधरा दिवस धरा."

"माझा एक पाइप आहे," मिस्त्री म्हणाला. "गच्चीपासून माझ्या मोरीपर्यंत. मेलेला. दहा वर्षं त्यात पाणी नाही."

"सरळ आहे?"

मिस्त्रीने वर तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. "एका ठिकाणी काटकोन आहेत. दोन."

"मग नाही जमणार. काचेला काटकोन चालत नाही काका. मोठं वळण लागतं. आणि अडकली म्हणून हिसका दिलात तर आतल्या आत तुटते. बाहेरून काही दिसत नाही. आवाजसुद्धा होत नाही."

ते शेवटचं वाक्य मिस्त्री घरी घेऊन आला. पलंगाखालची पिशवी ओढली. ते दोन एल्बो त्याने कोणत्या दिवशी बसवले, हे बघायला वही उघडायची गरज नव्हती.

वरच्या बाईंच्या मोरीची खिडकी डक्टमध्ये उघडते, नेमकी तुळईसमोर. बाईंनी मोरी रिकामी करून दिली. मिस्त्री स्टुलावर बसला, छातीपर्यंत आत वाकला आणि हॅकसॉ लावली. खाली तीन मजले अंधार. पहिल्या दहा वेळा करवत पाइपावरून नुसती घसरली. त्याने कोपर खिडकीच्या चौकटीला टेकवलं आणि पुन्हा सुरुवात केली. करवत रंगातून गेली, गंजातून गेली, मग लोखंडात शिरली. एक काप पाऊण तास. मधे बाई चहा ठेवून गेल्या, तो तसाच गार झाला. दुसरा काप संपायला दुपार उलटली.

एल्बोचा तुकडा हातात आला. त्याने सांध्याकडे पाहिलं. चांगला सांधा होता. चालू होता तोवर एक थेंब गळला नव्हता. त्याचं त्याला बरं वाटलं नाही.

कापलेल्या तोंडांना आतून धार आली होती. ती धार तारेची साल सोलेल. त्याने गोल कानसीने ती घासली, मग दोरीला फडकं बांधून आतून फिरवलं. फडक्याचा धागा निघाला. पुन्हा कानस. पुन्हा धागा. चौथ्या वेळी फडकं अख्खं बाहेर आलं. तरी त्याने पाचव्यांदा फिरवलं. दोन तोंडांच्या मधे मऊ प्लास्टिकचा पाइप हळू वळण देऊन तो बसवणार होता. त्या पाइपावर वरच्या बाजूला त्याने बोट जाईल एवढी फट ठेवली, मधे काही अडकलं तर कळावं म्हणून. मग पाइप वळवून बसवला. दोन दिवस संपले. मोरीच्या फरशीवरून उठताना त्याला बायकोने काखेत हात घालून उभं केलं.

तिसऱ्या दिवशी तार ओढायची होती. काचतारवाला गच्चीवरून सोडणार, मिस्त्री आपल्या मोरीच्या खिडकीतून खाली ओढणार, आणि मधे तिसऱ्या मजल्यावर वळणापाशी बायको. काचतारवाल्याला ते पटेना.

"ताईंना ऐकू येत नाही ना? मी वरून ओरडलो तर?"

"त्या डक्टमध्ये तुम्ही ओरडलात तर मलाही कळत नाही," मिस्त्री म्हणाला. "नुसता घुमतो आवाज. तिचा हात दिसतो."

तार पेन्सिलीहून बारीक होती. तिच्या टोकाला बांधून पाइपातून आधीच खाली सोडलेली ओढतार मिस्त्रीने मुठीत घेतली आणि डोकं बाहेर काढून वर पाहिलं. बायकोचा हात खिडकीबाहेर आला. ये. हळू. ये. तो वीत वीत ओढत गेला. चाळीस वर्षं त्याने अडलं की जोर लावला होता, पान्ह्याला पाइप जोडून, पाय भिंतीला लावून. अजून ये. हळू.

मग अडलं.

हातांना ते आधी कळलं. मुठीतली तार कडक झाली. एक हिसका दिला तर सुटेल, हेही हातांना कळलं. खांदे आपोआप ताठ झाले. सुटली तर सुटली. तुटली तर आवाज होणार नाही, कळेल तेव्हा लेक पडद्यासमोर बसलेली असेल. घाम डोळ्यांत उतरला. त्याने वर पाहिलं. बायकोचा पंजा उभा होता. थांब.

तो थांबला. किती वेळ, ते मोजायला घड्याळाला हात रिकामा नव्हता. वर तिने फटीतून बोट घातलं असणार. तिचा हात दिसेनासा झाला होता. दिसत नव्हता तेवढा वेळ मिस्त्रीने त्या खिडकीवरून नजर हलवली नाही. मग मुठीतली तार सैल झाली. हात बाहेर आला. ये.

संध्याकाळी काचतारवाल्याने टोक जोडलं आणि तारेतला प्रकाश मोजायचं छोटं यंत्र लावलं. "उणे एकोणीस," तो म्हणाला.

"उणे?" मिस्त्री यंत्रावर वाकला. "तुटली का आत?"

"नाही हो काका! इथे उणेच असतं. फार उणे झालं तर वाईट. ही ठणठणीत आहे."

"पुन्हा मोजा."

काचतारवाल्याने पुन्हा मोजलं. पुन्हा उणे एकोणीस. वीज गेली तर म्हणून मिस्त्रीने डब्याशेजारी बॅटरीचा डबाही ठेवून घेतला. आठ वाजता त्याने अॅप लावलं. काटा चढला, थांबला, खाली आला, पुन्हा चढला. त्याने अंगठा पडद्याला लागूच दिला नाही. येणारा दोनशे, जाणारा एकशे नव्वद. चौथ्या दिवशी त्याने ते सकाळी, दुपारी आणि आठ वाजता परत मोजलं. वहीत आता दोन रकाने होते.

पाचव्या दिवशी लेक कामावर बसली. मिस्त्री स्टुलावर. बायकोही स्टूल घेऊन शेजारी येऊन बसली, तिला आवाज येणार नव्हता तरी. पावणेआठला आत घंटी वाजली. हीच ती वेळ. मिस्त्रीने घड्याळ सोडून हातात घेतलं.

दारातून लेकीचा आवाज आला. "त्या म्हणतायत, सकाळपासून..." आवाज थांबला.

 सेकंदकाटा सात घरं सरकला.

"...सकाळपासून उजवा हात बधिर आहे. आणि आता जीभ जड वाटतेय."

आवाज पुढे चालू राहिला. डॉक्टरांना, मग बराच वेळ शांतता, मग परत डॉक्टरांना. मिस्त्रीने घड्याळ मांडीवर ठेवलं, कारण आता त्याला दोन्ही हात लागणार होते.

"त्या दिवशी," त्याने बायकोला सांगितलं, "निरोप उशिरा नव्हता मिळाला. मी काम संपवून आलो. पाइप जोडला. बादली मोजली. अर्धा तास."

बायकोने त्याच्या हातांकडे पाहिलं, ते थांबल्यावरही.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"तू माझे हात सोडवलेस तेव्हा तुझ्या हातांना साबणाचा वास होता. काम टाकून पळत आलेल्या मिस्त्रीच्या हातांना?"

बत्तीस वर्षं. त्याचे हात मांडीवर घड्याळाशेजारी पडून राहिले.  तिने ते हातांत घेतले नाहीत. त्या घरात कोणी कोणाचे हात धरत नसे. तिने नुसतं घड्याळाकडे बोट दाखवलं. बघ.

त्याने पाहिलं. आत आवाज चालूच होता. एकोणचाळीस मिनिटांनी दार उघडलं. लेक बाहेर आली, उभ्या उभ्या पेलाभर पाणी प्यायली.

"तुटलं?" त्याने हातांनीच विचारलं.

"नाही. त्यांना आत घेतलंय. वेळेत आल्या म्हणाले." तिने पेला ठेवला. "पुढची साडेआठला."

दार लागलं. मिस्त्रीने फोन उचलला, अॅप लावलं आणि काटा दोन्ही वेळा पूर्ण फिरेपर्यंत थांबला. दोन्ही आकडे वहीत लिहिले. दुसऱ्या रकान्यातला आकडा वाकडा आला, वाचता येईना. त्याने तो खोडला आणि नीट पुन्हा लिहिला. मग घड्याळ हातात घेऊन साडेआठ वाजायची वाट बघत बसला.